भिंतीशी दोन हात

पाऊस सरला की ठाणे-डोंबिवलीकडच्या जुन्या सोसायट्यांत एक विषय हमखास निघतो, इमारतीला बाहेरून रंग काढण्याचा. आमच्याकडे तो यंदा निघाला आणि कमिटीपुढे दोन कोटेशनं आली. एक रोलरच्या कामाचं, दुसरं स्प्रेच्या. रोलरवाल्याने अडीच महिने मागितले होते, स्प्रेवाल्याने पाच आठवडे, आणि त्याचा चौरस फुटाचा दरही थोडा कमी होता. बाकी मजकूर जवळपास सारखाच. भिंती धुणे, भेगा भरणे, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात. वाचून झाल्यावर तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "स्प्रेचे दोन हात म्हणजे काय हो? त्यात हात लागतो कुठे?"

सगळे हसले, ठेकेदारही हसला. पण त्या सभेत त्याहून मुद्द्याचा प्रश्न कुणी विचारला नाही.

रंगाच्या थराला आपण हात म्हणतो ते चुन्याच्या दिवसांपासून. वाखाचा कुंचा चुन्याच्या पाण्यात बुडवायचा, एक हात आडवा द्यायचा, तो वाळला की दुसरा उभा. त्या शब्दात मोजमापही आहे आणि हमीही. भिंतीच्या प्रत्येक वितीवरून कुणाचा तरी तळवा दोनदा फिरून गेला आहे, एवढं त्यात गृहीत आहे. स्प्रेवाल्याच्या कोटेशनात शब्द तोच राहिला होता, फक्त तळवा निघून गेला होता. आता प्रश्न असा की त्यामुळे भिंतीला काही फरक पडतो, की फक्त आपल्या भावनेला?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या जुन्या, खडबडीत, चार महिने पाऊस खाणाऱ्या भिंतीवर रंग नुसता टेकवून भागत नाही, तो दाबून बसवावा लागतो. म्हणून अशा भिंतीवर शेवटचं काम रोलरचं असावं. मात्र 'हाताच्या कामाची सर यंत्राला नाही' हे ठरलेलं वाक्य म्हणून मला सुटता येणार नाही, कारण इतिहास त्याच्या विरुद्ध आहे.

स्प्रे हे कालपरवाचं खूळ आणि रोलर ही जुनी रीत, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. शिकागोतल्या मार्शल फील्ड या भल्यामोठ्या दुकानाच्या देखभालीचं काम पाहणाऱ्या जोसेफ बिंक्स यांनी १८८७ च्या सुमारास तळघरांच्या भिंतींना चुना देण्यासाठी हातपंपाचा फवारा बनवला. पुढे १८९३ मध्ये त्याच शहरात कोलंबसच्या नावाने जागतिक प्रदर्शन भरलं. अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या, उद्घाटनाची तारीख अंगावर आली आणि रंग व्हायचाच होता. सजावटीचे प्रमुख, चित्रकार फ्रान्सिस मिलेट यांनी दाबाच्या हवेवर चालणारे फवारे वापरून सगळं पांढरं करून घेतलं. ती 'पांढरी नगरी' म्हणून गाजली. रोलर त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने आला. टोरांटोच्या नॉर्मन ब्रेकी यांनी तो १९४० मध्ये बनवला. म्हणजे रोलर हा स्प्रेचा धाकटा भाऊ, आणि तोही घाईतूनच जन्मलेला. ब्रशने काम करणाऱ्या जुन्या रंगाऱ्याच्या लेखी रोलर म्हणजेसुद्धा अंगचोरपणाच असणार. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला एशियन पेंट्सचा गट्टू आठवा. त्याच्या हातात ब्रश होता. आज ज्याला आपण 'हाताचं काम' म्हणून गोंजारतो तो रोलर त्या चित्रात नव्हता.

तेव्हा परंपरेचा आधार काढून घेतला तर उरतं काय? उरते भिंत. पांढऱ्या नगरीची आणखी एक गोष्ट इथे कामाची आहे. तिथल्या बहुतेक इमारती सांगाड्यावर प्लास्टर आणि तागाच्या धाग्यांचं मिश्रण थापून उभारल्या होत्या. काही महिने उभं राहायचं, एवढंच त्यांच्याकडून अपेक्षित होतं. १८९४ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळून गेल्या. त्या भिंतींना फवारा शोभला, कारण त्यांना पुढचा पावसाळा बघायचाच नव्हता. आमच्या इमारतीला अजून निदान सात-आठ पावसाळे याच रंगावर काढायचे आहेत. हत्यार निवडताना पहिला प्रश्न हा, की ही भिंत किती दिवसांसाठी आहे आणि कशाची आहे.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते बघू. बाहेरच्या कामाला हल्ली हवेविना चालणारा, म्हणजे एअरलेस स्प्रे वापरतात. त्यातला पंप रंगालाच दोन-तीन हजार पीएसआय दाबाने एका बारीक भोकातून ढकलतो. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीसचा दाब असतो, त्याच्या हे साठ ते नव्वद पट झालं. भोकातून बाहेर पडताच रंगाचे कण फुटतात आणि पंख्यासारखा पट्टा तयार होतो. बंदूक भिंतीपासून साधारण फूटभर अंतरावर, भिंतीला काटकोनात धरायची आणि प्रत्येक फेरीने आधीची निम्मी फेरी झाकायची, असा नियम. मनगट वळवून कमानीत हात फिरवला की मध्ये जाड आणि कडेला पातळ थर बसतो. सरावलेल्या माणसाच्या हाती हे यंत्र देखणं काम करतं. गुळगुळीत, नव्या भिंतीवर इतका एकसारखा थर रोलरने येत नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

पण आपल्या इमारतींचा बाहेरचा गिलावा गुळगुळीत नसतो. तो मुद्दाम वाळूचा दाणा वर ठेवलेला, खरखरीत असतो. त्यावर शेकडो बारीक खड्डे, सुईच्या टोकाएवढी भोकं, केसासारख्या भेगा असतात. फवाऱ्यातला कण एका दिशेने येतो आणि आधी भेटेल त्या उंचवट्यावर बसतो. खड्ड्याच्या तोंडावर रंगाची साय धरते आणि आत हवा कोंडून राहते. लांबून भिंत भरलेली दिसते. पहिल्या उन्हात ती हवा फुगते, साय फुटते, आणि पहिल्या पावसात नेमकं तिथूनच पाणी शिरतं. रोलरचं तसं नाही. लांब लवेचा, जाड लोकरीचा रोलर दाबून वर-खाली, मग तिरका फिरवला की लव खड्ड्यात शिरते, हवा बाहेर काढते आणि रंग आत चोळते. म्हणून यंत्र बनवणारे आणि रंग बनवणारेही सच्छिद्र भिंतीवर फवारा मारल्याबरोबर, रंग ओला असतानाच, मागून रोलर फिरवा असं सांगतात. आपल्याकडचे ठेकेदार त्याला बॅक रोलिंग म्हणतात. सगळ्यांना ते माहीत असतं, दर काढताना मात्र सगळे विसरतात.

कोकणात याची परीक्षा आणखी कडक होते. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुनी घरं जांभ्या चिऱ्याची. जांभा म्हणजे अंगभर छिद्रंच. पावसाच्या बाजूची भिंत जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाळतच नाही. माझ्या आजोळच्या घराची नैऋत्येची भिंत मी लहानपणापासून पाहतोय. श्रावणात तिला शेवाळाची मखमल येई, दिवाळीपर्यंत ती काळी पडे, आणि मे महिन्यात मामा वायर ब्रशने ती खरवडून पुन्हा चुना देत. काही वर्षांपूर्वी घाईत, लग्नाच्या आधी, तिथे फवाऱ्याने रंग मारून घेतला. लग्नाच्या फोटोत भिंत झकास दिसते. गणपतीला गेलो तेव्हा तिच्यावर परातीएवढे पोपडे सुटले होते.

दोष निव्वळ फवाऱ्याचा होता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. पोपडा हातात घेऊन उलटा केला तर आतल्या बाजूला जुन्या चुन्याचं पीठ चिकटलेलं होतं. नवा रंग भिंतीला धरलाच नव्हता, त्याने पिठाला धरलं होतं. आधी भिंत धुतली नव्हती, प्रायमर दिला नव्हता. तिथे रोलर फिरवला असता तरी रंग फार तर आणखी एक पावसाळा टिकला असता. भिंतीवर तळहात फिरवावा आणि हाताला पांढरं लागतं का पाहावं, ही परीक्षा फुकटची आहे. ती आधी केली नाही तर स्प्रे की रोलर हा वादच व्यर्थ.

आणि इथेच घाईचं गणित उघडं पडतं. बाहेरच्या रंगकामात दिवस कुठे जातात? परांची बांधण्यात, भिंत धुण्यात, शेवाळ मारण्यात, पोकळ झालेला गिलावा ठोकून काढण्यात, नवा भरण्यात, तो मुरू देण्यात. नव्या सिमेंटचा क्षार उतरायलाच चार आठवडे द्यावे लागतात. प्रत्यक्ष रंग लावणं हा या सगळ्यातला लहान तुकडा. यंत्र नेमका हा लहान तुकडा आखूड करतं. बरं, फवारा सुरू करण्यापूर्वी जे रंगवायचं नाही ते सगळं झाकावं लागतं. आपल्या सोसायटीची भिंत म्हणजे भिंत थोडी आणि इतर ऐवज फार. खिडक्या, पेटीसारख्या बाहेर आलेल्या जाळ्या, एसीचे डबे, डिशच्या छत्र्या, ड्रेनेजचे पाइप, वाळत घातलेल्या चादरी, कठड्यावरची तुळस, खाली उभ्या स्कूटर आणि शेजारच्या सोसायटीच्या गाड्या. वाऱ्याची एक झुळूक आली की रंगाचं धुकं यांतल्या कशावरही जाऊन बसतं. झाकायला आणि काढायला लागणारे दिवस धरले तर अडीच महिने आणि पाच आठवडे यांतलं अंतर बरंच कमी होतं. ते कमी होत नसेल, तर झाकणं तरी गाळलं जाणार आहे किंवा भिंत मुरू देणं तरी.

याचा अर्थ फवारा कुठेच नको असा नाही. रिकामी नवी इमारत, खिडक्या अजून बसायच्यात, भोवती कुणी राहत नाही, तिथे प्रायमर आणि पहिला थर रोलरने मारत बसणं हा हट्ट झाला. कारखान्याच्या पन्हळी पत्र्याच्या भिंती, नक्षीदार जाळीच्या विटा, बसवण्याआधी जमिनीवर ठेवलेली लोखंडी ग्रिलं, इथे फवाऱ्यासारखं हत्यार नाही. मात्र तीच ग्रिलं चौथ्या मजल्यावर बसवल्यानंतर फवारायला गेलात, तर बहुतेक रंग गजांच्या मधून हवेत जाईल. आयफेल टॉवर दर सात वर्षांच्या आसपास रंगवतात, साठेक टन रंग लागतो, आणि परंपरेने तो ब्रशने, हाताने लावत आले आहेत. यंत्रं बनवणाऱ्या युरोपला फवारा परवडत नाही म्हणून नव्हे. उंचावरच्या वाऱ्यात, लोखंडाच्या जाळीवर ब्रशच हिशेबात बसतो.

आता पैशाकडे येऊ, कारण निवड बहुधा तिथेच होते. आपल्याकडे रंगकामाचा दर चौरस फुटावर ठरतो. चौरस फूट लांबी-रुंदी सांगतो, जाडी सांगत नाही. आणि टिकते ती जाडीच. समजा, १०० मायक्रॉनचा ओला थर दिला आणि रंगात घन भाग ४० टक्के आहे. वाळल्यावर ४० मायक्रॉन उरतील, माणसाच्या केसाहूनही कमी. त्याच रंगात त्याच्या निम्म्या मापाने पाणी घातलं तर घन भाग २७ टक्क्यांच्या आसपास येतो आणि उरतात २७ मायक्रॉन. शेवटच्या दिवशी दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी घालणं रोलरवाल्यालाही जमतं, पण पातळ रंग रोलरवरून कोपरापर्यंत ओघळतो, भिंतीवर धारा दिसतात, चोरी चार लोकांना कळते. फवाऱ्यातून पातळ रंग अलगद, सुबक बसतो. चोरी लपवण्याची सोय त्यात जास्त आहे.

यावर इलाज अगदी साधा, बादल्या मोजणे. चांगल्या प्रतीच्या बाहेरच्या रंगाला दोन हातांसाठी लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट धरतात. आमची बाहेरची भिंत तीस हजार चौरस फूट. म्हणजे पाचशे ते सहाशे लिटर, वीस लिटरच्या पंचवीस ते तीस बादल्या. फवाऱ्यात थोडा रंग हवेत जातोच, तेव्हा स्प्रेवाल्याच्या यादीत बादल्या जास्त दिसायला हव्यात. आम्ही दोघांनाही किती बादल्या आणणार असं लेखी विचारलं. स्प्रेवाल्याचा आकडा होता वीस. मजुरी यंत्राने वाचली, हे समजू शकतो. रंगही वाचला असेल, तर ती बचत आमच्या भिंतीच्या अंगावरून झाली होती.

इथवर युक्तिवाद रोलरच्या बाजूने सोपा गेला. पण एक मुद्दा असा आहे की तो मला अजून टोचतो. स्प्रेवाला ठेकेदार सभेत म्हणाला, "साहेब, तुम्हाला भिंतीची काळजी आहे. माझा माणूस दोरावर अडीच महिने लटकण्याऐवजी पाच आठवडे लटकेल, त्याचं काय?" त्याचा हेतू काम मिळवण्याचा होता, पण मुद्दा खोटा नव्हता. आपल्या शहरांत रंगारी आजही लाकडी फळीवर बसून, दोर कमरेला गुंडाळून चौथ्या-पाचव्या मजल्यावर काम करतो. उंचीवरचा प्रत्येक तास कमी झाला तर पडण्याची एक संधी कमी होते. रोलरच्या दाबाचं कौतुक खुर्चीत बसून करणाऱ्याने, तो दाब देणारा खांदा कुणाचा, हे विसरू नये.

मात्र हिशेब पुरा मांडायला हवा. यंत्र पडण्याचा धोका कमी करतं आणि दोन नवे धोके आणतं. एक धुक्याचा. रंगाचे बारीक कण दिवसभर छातीत जातात आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. अमेरिकेत रंगाऱ्यांच्या संघटनांनी १९२० च्या दशकात फवाऱ्याला विरोध केला, त्यात रोजगाराची भीती होती तशी फुप्फुसांचीही होती. दुसरा धोका दाबाचा. बंदुकीच्या तोंडावर चुकून बोट आलं तर रंग कातडीतून आत घुसतो. वर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आत बोट गमवायची वेळ आलेली असते, ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. हे ज्याला सांगितलेलं नाही तो माणूस हळद लावून पुन्हा कामाला लागेल. शिवाय जुना रंग खरवडताना उडणारी धूळ दोन्ही पद्धतींत सारखीच. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत काय आहे ते खरवडणाऱ्याच्याच श्वासात जातं. तेव्हा माणसाची काळजी हे कारण खरं असेल, तर त्याची खूण यंत्र नव्हे. पट्टा, वेगळा सुरक्षा-दोर, नीट बांधलेली परांची, मास्क, आणि या सगळ्याची कोटेशनात लिहिलेली रक्कम ही खूण. ती दोन्ही कोटेशनांत नव्हती. ही लाज ठेकेदारांइतकीच आमचीही, कारण आम्हीही ती मागितली नव्हती.

काकूंच्या प्रश्नाकडे परत येतो. भिंतीवर हात लागल्याने आणखी एक गोष्ट घडते, ती कुठल्याच कोटेशनात नसते. रोलर दाबत जाणाऱ्या माणसाला भिंत कळते. गिलावा आतून सुटलेला असेल तर रोलरखाली आवाज बदलतो, बद्द येतो. ओल असेल तर रंग तिथे वेगळा ओढला जातो. भरलेली भेग पुन्हा उघडली असेल तर लव अडकते. फूटभर लांब उभ्या असलेल्या बंदुकीला यातलं काही कळत नाही. रोलरचा जो वेळ आपल्याला वाया गेलेला वाटतो, त्यात भिंतीची दुसरी तपासणी होऊन जाते. अर्थात रंगाऱ्याने ती सांगितली आणि कुणी ऐकून घेतली तरच. "इथे पोकळ लागतंय" असं म्हणणाऱ्याला मुकादमाने "तू रंग मार, पुढे चल" म्हटलं, तर तो हात असून नसल्यासारखा.

आणि रंग झाल्यावरही भिंत काही स्वस्थ राहत नाही. सहा महिन्यांत कुणीतरी नवा एसी बसवतो, भिंतीला भोक पाडतो, भोवतीचा गिलावा उडवतो. रोलरने रंगवलेल्या भिंतीवर लहान रोलरने मारलेला ठिगळाचा हात बऱ्यापैकी मिसळून जातो, कारण पोत तोच. फवाऱ्याच्या सपाट थरावर तेच ठिगळ तिरप्या उन्हात वर्षानुवर्षं ओळखू येतं. माणसं राहत असलेल्या इमारतीला दुरुस्तीशी जमवून घेणारा रंग हवा.

शेवटी ठरलं ते असं. चारही भिंतींना प्रायमर आणि दोन्ही हात रोलरनेच. कोपरे आणि खिडक्यांच्या कडा ब्रशने कापायच्या. कंपाउंडच्या भिंतीवरची जाळी काढून जमिनीवर ठेवायची आणि फवारायची. पश्चिमेच्या भिंतीला सकाळी हात लावायचा, ऊन तापायच्या आत. बादल्या सील फोडण्याआधी सचिवांनी मोजायच्या. पट्टे आणि सुरक्षा-दोर यांची रक्कम वेगळी लिहायची, आणि ती सोसायटीने द्यायची. फ्लॅटमागे वर्गणी थोडी वाढली, त्यावर अर्धा तास भांडण झालं, मग ठराव मंजूर झाला.

इतिवृत्त लिहिताना सचिवांनी सवयीने 'रंगाचे दोन हात' लिहिलं, आणि काकूंकडे पाहून कंसात 'रोलरने, दाबून' असे दोन शब्द वाढवले.